मागच्या सीटवरचा माणूस

माझ्या आत्यासमोर जर-तरची भाषा करायची सोय नाही. कॉलेजात असताना मी एकदा म्हणालो, "कॉम्प्युटरऐवजी मेकॅनिकलला गेलो असतो तर..." मेथी निवडता निवडता, मान वर न करता तिनं माझं वाक्य तोडलं, "आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं." ती स्वतःच आत्या असल्यामुळे या म्हणीवर तिचा मालकी हक्क आहे, आणि तो ती वारंवार बजावते.

गेल्या दिवाळीत ती सांगलीहून पुण्याला आली तेव्हा माझ्या टेबलावर एक अर्धवट विमान पडलेलं होतं.

"हे कुठलं रे?"

"रशियाचं. दुसऱ्या महायुद्धातलं. पण ते असं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे असं असायला हवं होतं, असं मला वाटतं."

तिनं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हण उच्चारायची गरज उरली नव्हती.

हा लेख त्या विमानाबद्दल आहे, आणि ते ज्या प्रकारात मोडतं त्या प्रकाराबद्दल. प्लॅस्टिकची स्केल मॉडेल्स करणाऱ्या मंडळींमध्ये 'व्हॉट-इफ' नावाची एक उपजात आहे. एरवी मॉडेल करणारा माणूस अस्सलपणाच्या मागे असतो. अमुक तुकडीचं, अमुक महिन्यातलं विमान, रंग तेच, आकडे तेच, चाकांवरचा चिखलसुद्धा त्याच मातीचा. व्हॉट-इफवाला हे सगळं कौशल्य वापरून कधीच न झालेलं विमान करतो. मी गेली सहा-सात वर्षं दोन्ही प्रकारची मॉडेल्स करतोय आणि त्याहून कितीतरी जास्त इतरांची बघतोय. माझं म्हणणं असं की व्हॉट-इफ ही हस्तकला असली तरी ती मुळात गोष्ट आहे, काल्पनिक साहित्य आहे. तिची समीक्षाही तशीच व्हायला हवी. पुट्टी नीट घासली आहे का, डिकलच्या कडा दिसतात का, हे प्रश्न सुलेखनाचे झाले. गोष्ट कशी आहे, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

*

व्हॉट-इफमधला सगळ्यात गर्दीचा मोहल्ला म्हणजे 'लुफ्ट ४६'. जर्मनी मे १९४५मध्ये शरण आली नसती आणि युद्ध १९४६पर्यंत चाललं असतं, तर जर्मन हवाई दलाच्या ड्रॉइंग बोर्डांवरची विमानं आकाशात दिसली असती, ही त्यामागची कल्पना. शेपूट नसलेली, पंख मागे वळवलेली, जेट इंजिनांची विमानं. त्यांचे तयार किट मिळतात, खोक्यांवर सुंदर चित्रं असतात. संध्याकाळचं आकाश, खाली ढग, आणि कधीच न उडालेलं एक देखणं यंत्र अमेरिकी बॉम्बरवर झेप घेतंय.

मीही अशी दोन केली आहेत. आकार मोहक आहेत, नाकारण्यात अर्थ नाही. पण एकदा 'गोष्ट' म्हणून या चित्राकडे बघितलं की त्यातली एक गळती दिसायला लागते. युद्ध एक वर्ष जास्त चाललं, याचा अर्थ छळछावण्याही एक वर्ष जास्त चालल्या. जर्मनीची व्ही-२ रॉकेटं मिटेलबाउ-डोरा या छावणीतले कैदी डोंगराखालच्या बोगद्यांत बनवत होते आणि त्यात हजारोंनी मरत होते. १९४६ची ती देखणी जेट विमानं कुणी बनवली असती? खोक्यावरच्या चित्रात विमान येतं, वर्ष येतं, पण त्या वर्षाचं बिल येत नाही. मॉडेल करणारा प्रत्येक माणूस नाझीप्रेमी असतो असं मी अजिबात म्हणत नाही. बहुतेकांना फक्त आकार आवडलेला असतो. मला आकार आवडला होता, तेव्हा मलाही हा प्रश्न पडला नव्हता. पण गोष्ट सांगणाऱ्यानं तारीख बदलली की त्या तारखेमागून येणारं सगळं त्याच्या अंगावर येतं, ते त्याला फक्त पंखांपुरतं घेता येत नाही.

आपल्याकडे मॉडेल करणारे थोडे, पण जर-तर करणारे घरोघरी. विमानांपुरतं बोलायचं तर 'एचएफ-२४ मारुतला दमदार इंजिन मिळालं असतं तर' हा भारतीय हौशी मंडळींचा आवडता सुस्कारा आहे. आणि विमानांच्या पलीकडे गेलं की पानिपत. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, मल्हाररावांचं ऐकलं असतं तर. मराठी माणूस हे व्हॉट-इफ चहाच्या टपरीवर, कसलाही किट न घेता, वर्षानुवर्षं करत आलेला आहे.

या विषयावर मराठीत एक गोष्ट आहे, जिच्याकडून प्लॅस्टिक चिकटवणाऱ्यांनीही शिकावं असं मला वाटतं: जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. बदल इवलासाच आहे. एक गोळी लागायच्या ऐवजी चुकते. पण नारळीकर विजयाची मिरवणूक काढत बसत नाहीत. ते गंगाधरपंतांना ग्रंथालयात नेऊन बसवतात. तिथे हा माणूस त्या जगाचा इतिहास वाचत राहतो, एका गोळीमुळे पुढे काय काय बदललं हे पायरीपायरीनं तपासतो. आणि शेवटी जिंकलेल्या पानिपताच्या जगात आझाद मैदानावरच्या सभेत, अध्यक्षाच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसल्यावर लोक त्यांच्या अंगावर येतात. न हरलेल्या जगात पानिपतावर बोलणारा अध्यक्ष कुणालाच नको आहे.

मला या गोष्टीतून एक कसोटी मिळाली. चांगल्या जर-तरमध्ये बदल एकच असावा, आणि त्याचे परिणाम गोष्टकारानं प्रामाणिकपणे भोगावेत. या कसोटीवर माझं स्वतःचं मॉडेल कसं उतरलं, ते आता सांगतो.

*

इल-२ हे जगात सगळ्यात जास्त संख्येनं बनलेलं लढाऊ विमान. सुमारे छत्तीस हजार. सेर्गेई इल्यूशिन यांचं हे डिझाइन. काम एकच: जमिनीलगत, कधी कधी झाडांच्या शेंड्यांवरून उडत शत्रूचे रणगाडे, ट्रक, तोफा, सैनिक यांच्यावर हल्ला करायचा. इतक्या खालून उडणाऱ्या विमानावर रायफलपासून तोफेपर्यंत सगळं चालतं, म्हणून इल्यूशिन यांनी चिलखत वेगळं जोडण्याऐवजी विमानाच्या पुढच्या धडाचं कवचच पोलादाचं केलं. इंजिन, रेडिएटर, टाक्या, पायलट, सगळं एका पोलादी टबमध्ये. वजन सुमारे सातशे किलो. मागचं धड मात्र लाकडी.

२ ऑक्टोबर १९३९ला या विमानाचा पहिला नमुना उडाला तेव्हा त्यात दोन माणसं बसायची सोय होती. पुढे पायलट, मागे मशीनगन घेऊन बसलेला गनर. आणि दोघंही चिलखताच्या आत. पण विमान जड होतं, जमिनीलगत इंजिनाची ताकद कमी पडत होती, पल्ला आणि स्थैर्य यांबद्दल तक्रारी होत्या. मग ताकदवान इंजिन बसवलं आणि मागची सीट काढून टाकली. तिच्या जागी इंधनाची टाकी आणि बारा मिलिमीटरची पोलादी भिंत आली. हा एका सीटचा नमुना १२ ऑक्टोबर १९४०ला उडाला आणि उत्पादन त्याचंच सुरू झालं.

जून १९४१मध्ये जर्मनीनं हल्ला केला. पुढचे काही महिने इल-२ खालून येणारा मारा सोसत राहिली आणि मागून येणाऱ्या जर्मन लढाऊ विमानांकडून पडत राहिली. मागे बघायला कुणी नव्हतं. त्याच सुमारास व्होरोनेझचा कारखाना उचलून कुइबिशेवला न्यावा लागला होता. उत्पादन रोडावलं, तेव्हा डिसेंबर १९४१मध्ये स्टालिननं कारखान्यांच्या प्रमुखांना पाठवलेली तार प्रसिद्ध आहे: लाल सैन्याला इल-२ हवेसारखी आणि भाकरीसारखी गरजेची आहे. अशा वातावरणात ड्रॉइंग बदलूया असं म्हणायची कुणाची छाती?

मग आघाडीवरच्या तुकड्यांनी स्वतःच जुगाड सुरू केले. धडात चिलखताच्या मागे भोक पाडायचं, एक मशीनगन बसवायची, एक माणूस बसवायचा. १९४२च्या शेवटी कारखान्यांतून येणारं विमानही दोन सीटचं झालं. पण पोलादी टब होता तसाच राहिला. गनर त्या टबच्या मागे, बाहेर बसला. बसायला कॅनव्हासचा पट्टा. हातात १२.७ मिलिमीटरची मशीनगन. पाठीशी पायलटचं चिलखत होतं, समोर शत्रूचं विमान, आणि आजूबाजूला लाकूड. गनर पायलटपेक्षा जास्त मेले, आणि त्यासाठी कुठल्या संशोधनाची गरज नाही, बसण्याची जागा बघितली तरी कळतं.

आना येगोरोवा या इल-२ चालवणाऱ्या मोजक्या स्त्रियांपैकी एक. ऑगस्ट १९४४मध्ये वॉर्साच्या परिसरात त्यांचं विमान पडलं. त्या भाजलेल्या अवस्थेत जर्मनांच्या हाती सापडल्या, छावणीत राहिल्या, सुटल्यावर स्वतःच्याच देशाच्या चौकशीला सामोऱ्या गेल्या. १९६५मध्ये त्यांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. त्यांनी आठवणीही लिहिल्या. मागच्या सीटवर दुस्या नाझारकिना होत्या. त्या वाचल्या नाहीत. जमिनीवरच्या तोफांनी पाडलेल्या त्या विमानात चिलखतानं त्यांना वाचवलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण एकाच विमानात दोन माणसं, आणि पोलादाची रेघ त्या दोघांच्या मधून जाते, हे चित्र डोक्यातून जात नव्हतं.

म्हणून माझं व्हॉट-इफ ठरलं: १९४१ची इल-२, दोन सीटची, गनर चिलखताच्या आत. म्हणजे १९३९चा पहिला विचार कुणी खोडलाच नाही तर.

*

किट १:४८ मापाचा, दोन सीटचा. पूर्ण झाल्यावर पंखांचा पसारा साधारण तीस सेंटीमीटर. करायचं काम कागदावर सोपं होतं. पायलटच्या मागची पोलादी भिंत काढायची, गनरच्या मागे न्यायची, दोन्ही बाजूंना आणि तळाला चिलखत घालायचं. बारा मिलिमीटरचं पोलाद १:४८ मध्ये पाव मिलिमीटरचं होतं, आणि मॉडेलवाल्यांकडे मिळणारी पातळ प्लॅस्टिक शीट नेमकी पाव मिलिमीटरची असते. सहा मिलिमीटरचं चिलखत हवं असेल तर त्याच्या निम्म्या जाडीची शीटही मिळते. मी खूश झालो. एका शनिवारी दुपारी क्राफ्ट नाइफनं तुकडे कापले, चिकटवले, रविवारी पुट्टी घासली. गनर सुरक्षित. दोन दिवस, साठेक रुपयांची शीट.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला, थोडा उशिराच. प्लॅस्टिकला वजन नसतं. प्लॅस्टिक कशालाही हो म्हणतं. मॉडेलमध्ये तुम्ही इल-२ला चार इंजिनं लावलीत तरी ते टेबलावर तितक्याच शांतपणे उभं राहील. लुफ्ट ४६च्या खोक्यांवर जी गोष्ट मला खटकली होती, तीच मी करत होतो. बदल घेतला होता, बिल घेतलं नव्हतं.

म्हणून कागद घेतला. सहा मिलिमीटर पोलादाचा एक चौरस मीटर म्हणजे सुमारे सत्तेचाळीस किलो. गनरच्या दोन बाजू, तळ आणि पाठ मिळून मी साडेतीन चौरस मीटर धरले. झाले एकशे पासष्ट किलो. हे वजन विमानाच्या गुरुत्वमध्याच्या साधारण दोन मीटर मागे येतं. भरलेलं विमान सुमारे सहा टनांचं. म्हणजे नुसत्या या चिलखतानं गुरुत्वमध्य पाचेक सेंटीमीटर मागे सरकणार. गनर स्वतः, त्याची गन, काडतुसं, यांनी तो आधीच मागे सरकलेला असतो, हे वेगळंच. अंदाज ढोबळ आहेत, पण दिशा पक्की आहे. गुरुत्वमध्य मागे गेला की विमान चंचल होतं, नाक वर उचलू पाहतं, पायलटला सतत झटापट करावी लागते. झाडांच्या उंचीवरून उडताना ही चैन परवडत नाही.

दोनशे किलो बॉम्ब कमी केले तर? वजन भरून निघतं, पण बॉम्ब गुरुत्वमध्याच्या आसपासच टांगलेले असतात, त्यामुळे तोल सुधारत नाही. तोल सुधारायचा तर उचल देणारा भागच मागे न्यायला हवा. म्हणजे पंखांची बाहेरची अंगं मागे वळवायची. आणि इथे मला गंमत कळली. प्रत्यक्ष इतिहासातही हेच झालं होतं. मागे गनर बसल्यावर इल-२चा तोल बिघडला आणि १९४३च्या अखेरीस तिच्या पंखांची बाहेरची अंगं मागे वळवावी लागली. रशियनमध्ये अशा विमानाला 'स्ट्रेल्का' म्हणजे बाण म्हणतात. माझ्या १९४१च्या विमानाला १९४३चे पंख हवे होते. शिवाय जास्त ताकदीचं इंजिनही हवं होतं, तेही पुढच्या काळातलं. शिवाय पोलादी टबचे वक्र पत्रे साच्यात दाबून बनत. टब लांबवायचा म्हणजे साचे बदलायचे, म्हणजे कारखाना थांबवायचा. कोणता कारखाना? जो रेल्वेच्या डब्यांत भरून एका शहरातून दुसऱ्या शहरात चालला आहे.

एकशे पासष्ट किलोंचा मागोवा घेत मी डिसेंबर १९४१च्या मॉस्कोपर्यंत पोचलो. माझ्या गनरला वाचवण्यासाठी त्या हिवाळ्यात काही शे विमानं कमी बनली असती तर खंदकातल्या पायदळाचं काय? त्या शिपायांच्या अंगावर तर सूती कोटाशिवाय काहीच नव्हतं. माझं विमान जितकं नैतिक दिसत होतं, तितकं ते नव्हतं. मी एक चिलखत एका माणसाच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या अंगावर घालत होतो, आणि पहिला माणूस मॉडेलमध्ये दिसत नव्हता.

महिनाभर विमान तसंच पडून राहिलं. आत्या आली तेव्हा ते याच अवस्थेत होतं.

*

आता एक गोष्ट सांगायला हवी, जिच्यामुळे मी हा विषय निवडला असणार, हे मला नंतर कळलं.

तीन-चार वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होतो. घरपोच माल पोचवणाऱ्यांसाठीचं अ‍ॅप आम्ही लिहीत होतो. मला ठरलेल्या वेळेत दोन गोष्टी द्यायच्या होत्या. एक, उशीर झाला की डिलिव्हरीवाल्याच्या पैशांतून आपोआप कपात. दोन, 'पत्ता चुकीचा आहे', 'गेटवर अडवलंय' असं त्याला सांगता येईल असं बटण, म्हणजे कपात थांबेल. तारीख जवळ आली. दोन्ही होणार नाहीत असं दिसलं. मीटिंगमध्ये मला विचारलं, काय काढता येईल? मी आकडे मांडले. बटणाला नऊ दिवस लागणार होते, कपातीला तीन. बटण 'फेज टू'मध्ये गेलं. मी आक्षेप घेतला नाही. आकडे माझेच होते आणि बरोबर होते.

पुढे एकदा आम्हाला एक दिवस सपोर्टचे फोन ऐकायला बसवलं. एक माणूस सांगत होता, सोसायटीच्या वॉचमननं चाळीस मिनिटं गेटवर उभं केलं, पाऊस होता, आणि पैसे कापले गेले. फोनवरची मुलगी त्याला तेच तेच वाक्य सांगत होती, कारण तिच्या स्क्रीनवरही ते थांबवायचं बटण नव्हतं. त्यानं शेवटी विचारलं, "ताई, मी हे सांगायचं तरी कुठे?" तोपर्यंत फेज वन संपून सहा महिने झाले होते.

युद्धाशी याची तुलना करताना मला लाज वाटते. कापलेले पन्नास रुपये आणि गेलेला जीव एका तागडीत बसत नाहीत. पण निर्णयाचा आकार मात्र ओळखीचा आहे. घाईत एक भाग काढला जातो. कारणं खरी असतात. मग त्या रिकाम्या जागी एक माणूस नेऊन बसवला जातो, आणि उघड्यावर बसणं हीच त्याची जागा आहे असं सगळे धरून चालतात.

आणि त्या आठवणीनंच मला माझ्या मॉडेलमधली चूक दाखवली. मला स्वतःच्या कोणत्या दिवसाची टोचणी होती? मीटिंगच्या दिवसाची नव्हती. त्या दिवशी खरंच वेळ नव्हता. टोचणी त्या पुढच्या सहा महिन्यांची होती. तारीख निघून गेली होती, कामं निवांत झाली होती, बटण यादीत होतं, आणि दर सोमवारी आम्ही त्याच्याकडे बघून पुढच्या ओळीवर जात होतो. पहिल्या निर्णयाला कारण होतं. नंतरच्या प्रत्येक सोमवारी कारण नव्हतं, सवय होती.

इल-२ची गोष्ट मी चुकीच्या तारखेला थांबवून बघत होतो. १९४०मध्ये सीट काढली, १९४१मध्ये ती परत घालता आली नाही, हे समजू शकतं. पण १९४२च्या शेवटी गनर परत आला. १९४३मध्ये जोरकस इंजिन आलं. त्या वर्षाच्या अखेरीस पंख वळले. तोल साधला. हवं ते एकेक करून हाताशी येत गेलं, आणि हजारो विमानं तरीही तशीच बनत राहिली, गनर लाकडात. हे शक्य होतं याचा पुरावाही इतिहासातच आहे. इल्यूशिन यांचं पुढचं विमान, इल-१०, एप्रिल १९४४मध्ये उडालं आणि त्यात गनर चिलखताच्या आत होता.

चांगल्या व्हॉट-इफची माझी कसोटी त्यामुळे थोडी बदलली. 'काय झालं असतं तर' यापेक्षा 'कोणत्या दिवशी अजून बदलता आलं असतं' हा प्रश्न जास्त कामाचा आहे. पहिला प्रश्न आपल्याला सुस्कारा देतो, किंवा खोक्यावरचं चित्र. पानिपताबद्दलची टपरीवरची चर्चा बहुधा त्या एका गोळीपाशी अडते, कारण गोळीवर कुणाचाच इलाज नव्हता आणि म्हणून कुणाचा दोषही नव्हता. दुसरा प्रश्न अडचणीचा आहे, कारण त्याचं उत्तर एखाद्या साध्या, निवांत, कुणाच्या लक्षात न राहिलेल्या सोमवारपाशी जाऊन थांबतं.

*

मी विमान पुन्हा रंगवलं. १९४१च्या हिरव्या-काळ्या रंगांवरून सँडपेपर फिरवताना जीवावर आलं, कारण एअरब्रशचं काम मला क्वचितच इतकं चांगलं जमतं. त्यावर १९४३पासूनची रंगसंगती आली: तपकिरी, हिरवा, गडद राखाडी, आणि पोटाला निळा. मॉडेलची तारीख आता डिसेंबर १९४३. पंख वळलेले, त्या काळी होते तसेच. इंजिन त्या काळचंच. बॉम्बचा भार मी कमी ठेवला. पंखांच्या मधल्या भागाखालची दोन जागा रिकाम्या आहेत. हे माझ्या गनरच्या चिलखताचं बिल. प्रदर्शनात मांडलं तर परीक्षक म्हणतील, दोन बॉम्ब लावायचे राहिले. ते राहिलेले नाहीत.

बाहेरून बघणाऱ्याला फरक जवळजवळ दिसतच नाही. व्हॉट-इफ म्हणून मॉडेल फसलंय म्हणा हवं तर. जेट नाही, विचित्र पंख नाहीत, भलत्या देशाची चिन्हं नाहीत. गनरच्या बाजूला पत्र्याचा एक जास्तीचा जोड दिसतो आणि पायलटच्या मागची भिंत नाहीशी झाली आहे, त्यामुळे किटमधल्या दोन्ही आकृत्या एकमेकींना पाठ टेकवून बसल्यासारख्या दिसतात. गुरुत्वमध्य मागे सरकतो तसे पंखही आणखी मागे वळवायला हवेत, म्हणून पंखांच्या मुळाशी पाचर घालून मी टोकं किंचित मागे नेली. गुरुत्वमध्याचे ते पाच सेंटीमीटर १:४८ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर भरतात. तो एक मिलिमीटर जमवायला मला तीन संध्याकाळी लागल्या, आणि तो माझ्याशिवाय कुणालाही सापडणार नाही.

ती कंपनी मी सोडली. सोडण्याआधी ते बटण केलं, हे सांगितलं पाहिजे, आणि त्याला नऊ नाही, सहाच दिवस लागले, हेही. नव्या ठिकाणी एखादी गोष्ट 'फेज टू'त ढकलायची वेळ आली की मी आता यादीत तिच्यापुढे आणखी एक रकाना मागतो: तोपर्यंत तिथे कोण बसणार? लोक वैतागतात. कधी कधी रकाना भरतात, कधी तसाच सोडतात. काढायचं ते बहुतेक वेळा काढलंच जातं.

मागच्या आठवड्यात आत्याचा फोन आला होता.

"झालं का रे तुझं ते न झालेलं विमान?"

"झालं."

"मग? लावल्यास का मिशा?"

"लावल्या. एक मिलिमीटरच्या."